कॅमेऱ्याआधी कागद

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कॅमेरा आहे आणि तो फोनच्या रूपाने चोवीस तास खिशात असतो. लग्न, बारसे, गणपती, केळीची कापणी, नातवाचे पहिले पाऊल, सारे काही टिपले जाते. वाचकहो, एवढे टिपलेले असताना एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. गेल्या पाच वर्षांत आपण जे टिपले, त्यातले किती पुन्हा बसून पाहिले? फोन भरला की जुने पुसले जाते. फोन पाण्यात पडला की होते नव्हते ते जाते. जे उरते त्यात आजी काही महत्त्वाचे सांगत असतात आणि वरून पंख्याची घरघर, बाजूला टीव्ही, मध्येच कोणाचे तरी "आजी, इकडे बघा". ती पाच मिनिटे पाहून संपेपर्यंत आपलाच जीव कंटाळतो.

दोष फोनचा नसतो. काय टिपायचे हे आधी ठरलेले नसते, म्हणून असे होते. चित्रीकरणाला हात घालण्यापूर्वी कागदावर काय लिहावे, ते का लिहावे आणि त्या कागदाच्या आधारे दिवस कसा आखावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हे सिनेमावाल्यांचे काम, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण खकनार, नेपानगर, बऱ्हाणपूर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांना याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात विदर्भ आणि आपला निमाड एकत्र नांदत होते. विदर्भाचे मराठी जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. निमाड इकडेच राहिला. राज्याचा कारभार हिंदीतून चालू लागला आणि आपली मराठी मुख्यतः घरात उरली. घरात उरलेली भाषा कागदावर फारशी उतरत नाही. ती बोलणाऱ्याबरोबर असते आणि बोलणाऱ्याबरोबरच जाते. एका बाजूला खानदेश, दुसऱ्या बाजूला वऱ्हाड आणि मेळघाट, अशा मध्यावर तयार झालेले आजीचे बोलणे टिपायला बाहेरून कोणी येईल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ते घरातल्या माणसानेच करायचे आहे, आणि बहुधा त्याला एकच संधी मिळणार आहे.

फिल्म महाग होती तेव्हा

आखणीची ही शिस्त आपल्याकडे कशी आली, ते आधी पाहू. १९१२ च्या सुरुवातीला धुंडिराज गोविंद फाळके लंडनला गेले. तेथे त्यांनी विल्यम्सन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र मागवले आणि मुंबईला परतले. परतल्यावर त्यांनी एकदम मोठा चित्रपट काढायला घेतला नाही. एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि सुमारे महिनाभर थोडे थोडे चित्र घेत राहिले. त्यातून 'अंकुराची वाढ' हा मिनिटभराचा चित्रपट तयार झाला. तो पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला.

त्या एका मिनिटामागे किती आखणी असेल, याचा विचार करा. कॅमेरा महिनाभर जागचा हलता कामा नये. कुंडी सरकता कामा नये. कधी आणि किती चित्र घ्यायचे, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असले पाहिजे, कारण अंकुर एकदा वर आला की त्याला परत मातीत जायला सांगता येत नाही. जे पुन्हा घडणार नाही, त्याची तयारी आधी करावी लागते. घरगुती चित्रीकरणाचा सारा धडा त्या कुंडीत आहे.

पुढे 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला. त्याची लांबी ३७०० फूट होती. ३५ मिलिमीटरच्या एका फूट फिल्ममध्ये सोळा चित्रे बसतात, म्हणजे सुमारे ५९,२०० चित्रे. यातला प्रत्येक फूट विकत आणलेला, घरी भोके पाडलेला आणि घरीच रसायनात धुतलेला होता. सरस्वतीबाई फाळके रात्री फिल्मला भोके पाडत, दिवसा पात्रांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि चित्रीकरणासाठी जमलेल्या सगळ्यांचा स्वयंपाकही करत. त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदासाच्या भूमिकेत होता. हा एका घराचा उद्योग होता, आणि फुकट घालवायला त्या घरात फिल्म नव्हती. साहजिकच प्रत्येक दृश्य आधी डोक्यात आणि कागदावर पुरे होत असे. कॅमेऱ्याचा दांडा नंतर फिरे.

याच चित्रपटाची एक हकीकत सांगितली जाते. राजवाड्याचे सेट दादरला फाळक्यांच्या राहत्या बंगल्याच्या आवारात होते; उघड्यावरची दृश्ये घ्यायला मंडळी वांगणीला गेली. तलवारी-भाले घेऊन आलेले हे लोक पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरांची टोळी आल्याचा संशय आला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. फाळक्यांनी कॅमेऱ्यात फिल्म न घालताच एक दृश्य करून दाखवले, तेव्हा कुठे खात्री पटली. ज्या गावात चित्रीकरण करायचे त्या गावाला आदल्या दिवशी सांगून ठेवणे, ही आखणीतली पहिली पायरी का, हे यावरून ध्यानात येईल.

आवाज आला आणि संहिता सक्तीची झाली

मूकपटात दिग्दर्शकाला चालू दृश्यातही ओरडून सूचना देता येत. बोलपट आल्यावर ती सोय गेली. १९३२ साली प्रभात कंपनीने त्याच हरिश्चंद्राच्या कथेवर 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट कोल्हापुरात काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक होते, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती. फाळक्यांच्या चित्रपटात तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केले होते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत एकदमच काढला गेला. सेट तोच, नट तेच, दिवे तेच. संवाद मात्र दोन. एकच दृश्य दोन भाषांत करायचे तर कोणते वाक्य कोठे संपते, ते बोलताना नट कोठे उभा असतो, त्याच्या हातात काय असते, हे सारे आधी लिहून ठेवल्यावाचून गत्यंतरच नसते. एरवी मराठीत सिंहासनावर बसलेला राजा हिंदीत उभा दिसायचा.

आपल्या घरांत दोन भाषा रोजच नांदतात. आजी मराठीत सांगतात, नातू हिंदीत विचारतो. अशा घराचे चित्रीकरण करताना कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या भाषेत हवे, हे आधी ठरवले नाही, तर आजी आपल्या सोयीसाठी हिंदीत बोलू लागतात आणि जे जपायचे तेच निसटते. म्हणून प्रश्न मराठीत विचारील असा माणूस आधीच नेमावा. हा निर्णय कॅमेरा कोणता घ्यावा याहून मोठा आहे.

लिहायचे म्हणजे अक्षरेच हवीत असे नाही. 'पथेर पांचाली' (१९५५) काढताना सत्यजित राय यांच्याकडे रीतसर पूर्ण पटकथा नव्हती. एका वहीत त्यांनी दृश्यामागून दृश्य चितारले होते आणि जोडीला टिपणे होती. ज्याला चित्र काढता येते त्याने चौकटी काढाव्यात, ज्याला लिहिता येते त्याने लिहावे. आधी पाहणे महत्त्वाचे.

ज्यांचे बोलणे आधी लिहिता येत नाही

येथे एक रास्त शंका निघते. नटाचे संवाद लिहून देता येतात. आजीचे कसे लिहायचे? आणि लिहून दिले तर ते आजीचे कसे राहतील?

याचे उत्तर भाषेच्या अभ्यासकांनी शंभर वर्षांपूर्वीच शोधले होते. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातील भाषांची पाहणी केली, तेव्हा प्रत्येक बोलीचे तीन प्रकारचे नमुने मागवले. पहिला, बायबलमधील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचे त्या बोलीतले रूप, सर्वांना एकच. दुसरा, त्या भागातली कोणतीही गोष्ट किंवा हकीकत, सांगणाऱ्याच्या मर्जीची. तिसरा, ठरावीक शब्दांची आणि वाक्यांची यादी. मराठीचा खंड १९०५ साली निघाला. खानदेशीला ग्रिअर्सनांनी वेगळ्या खंडात, भिल्ल बोलींसोबत ठेवले. पुढे अनेक बोलींच्या ग्रामोफोन तबकड्याही काढल्या गेल्या. त्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे मावत. बोलणारा काय बोलणार हे आधी ठरवूनच त्याला भोंग्यासमोर बसवावे लागे.

हीच रीत आपल्याला उपयोगी पडते. काही गोष्टी बांधून ठेवाव्यात, काही मोकळ्या सोडाव्यात, आणि कोणत्या बांधल्या व कोणत्या सोडल्या हे लिहून ठेवावे. घरगुती चित्रीकरणाच्या संहितेत प्रश्न लिहावेत, चित्रे लिहावीत, क्रम लिहावा. उत्तर कधीही लिहू नये.

चार कागद

एक उदाहरण घेऊ, म्हणजे नुसती तत्त्वे हवेत राहणार नाहीत. समजा, आजीच्या हातच्या कुरडयांवर आपल्याला दहा मिनिटांचा छोटा चित्रपट करायचा आहे. काम ओळखीचे आहे. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावे लागते. मग ते वाटून, फडक्यातून पिळून चीक काढतात. रात्रभर तो निवळतो. पहाटे वरचे पाणी ओतून देऊन, मीठ-हिंग घालून चीक शिजवतात, घोटतात. ऊन चढण्याच्या आत सोऱ्याने कुरडया घालतात आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतात. म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटाचे काम आठवडाभर पसरलेले आहे. त्यातला शिजवण्याचा भाग वर्षातून एकदाच, तोही अंधारात सुरू होतो. कागद नसेल तर आपण उठेपर्यंत चीक शिजलेला असेल.

पहिल्या कागदावर फक्त एक वाक्य लिहा. हा चित्रपट कोणासाठी आणि काय सांगणारा? "कुरडया कशा करतात" असे लिहिले तर एक चित्रपट होईल. "सासरी आल्यावर आजी कुरडया कोणाकडून शिकल्या आणि तेव्हा अंगणात कोण कोण बसत असे" असे लिहिले तर दुसराच होईल. पहिल्यात हात महत्त्वाचे, दुसऱ्यात तोंडचे शब्द. दोन्ही चांगले आहेत, पण कोणता हे ठरल्याशिवाय पुढचे काहीच ठरत नाही. हे वाक्य आजींना वाचून दाखवा. त्या म्हणतील, "अगं, त्यात काय सांगायचंय एवढं!" आणि मग अर्धा तास सांगतील. ते ऐकूनच दुसरा कागद लिहायचा.

दुसरा कागद म्हणजे संहिता. माहितीपटाची संहिता दोन रकान्यांत लिहिण्याची पद्धत आहे. डाव्या रकान्यात जे दिसेल ते, उजव्या रकान्यात जे ऐकू येईल ते. नमुन्यादाखल काही ओळी:

चित्र: पहाटेचा अंधार, चुलीतला जाळ, पातेल्याचा काठ. आवाज: लाकडांची तडतड, घोटण्याचा आवाज, बोलणे नाही.

चित्र: आजींचे हात, चीक घोटताना. आवाज: चीक शिजला हे कसे ओळखायचे, याचे आजींचे उत्तर.

चित्र: खाटेवर पसरलेल्या धोतरावर पडणारी पहिली कुरडई, सोऱ्या वरून. आवाज: कोणाकडून शिकल्या, ही आठवण.

चित्र: पोरे वाटीत गरम चीक तूप-साखर घालून खातात. आवाज: पोरांचा गलका, आजींचे रागावणे.

उजव्या रकान्यात आजींचे वाक्य लिहिलेले नाही, विषय लिहिला आहे. हे दोन रकाने वेगळे ठेवण्यात एक मोठी सोय आहे. आजींचे बोलणे आणि त्यांचे काम एकाच वेळी टिपावे लागत नाही. चीक शिजत असताना त्यांना प्रश्न विचारले तर चीकही बिघडेल आणि उत्तरही धड येणार नाही. काम पहाटे टिपावे. बोलणे दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण आणि वामकुक्षी झाल्यावर, निवांत बसून टिपावे. मग संकलनात दुपारचा आवाज पहाटेच्या हातांवर ठेवता येतो. पाहणाऱ्याला वाटते, आजी काम करता करता बोलत आहेत.

तिसरा कागद शॉटच्या यादीचा. संहितेतल्या एका ओळीसाठी कॅमेरा किती वेळा आणि कोठून लावायचा, ते येथे येते. सोपा नियम असा की प्रत्येक कामाची तीन चित्रे घ्यावीत: लांबून, म्हणजे जागा कळते, मधून, म्हणजे माणूस कळतो, जवळून, म्हणजे हात कळतो. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद न हलवता धरावा. हिशेब करून पाहा. दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद. एक चित्र सरासरी आठ सेकंद पडद्यावर राहिले तर ७५ चित्रे लागतात. आजींचा बोलताना दिसणारा चेहरा त्यातली काही भागवील; तरी पन्नासेक चित्रे वेगळी टिपावी लागतील. यादी नसेल तर घरी येऊन कळते की चेहऱ्याची तीस चित्रे आहेत आणि सोऱ्याचे एकही नाही.

ही यादी कथेच्या क्रमाने लिहून झाली की ती फाडून पुन्हा मांडायची: जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे. अंगणातले सगळे एकत्र, स्वयंपाकघरातले सगळे एकत्र, पहाटेचे एकत्र, दुपारचे एकत्र. चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे अंगणातले चित्र हवे असेल, तर दोन्ही एकाच उन्हात, एकाच खेपेत घेऊन टाकावीत. मोठे चित्रपटही असेच होतात. कथेतला शेवटचा प्रसंग अनेकदा पहिल्याच आठवड्यात चित्रित होतो. फक्त एक सांभाळावे. आजींचे लुगडे आणि बांगड्या दोन्ही वेळी सारख्या असाव्यात. फरक पडला तर पाहणाऱ्याच्या डोळ्याला तो खटकतो, जरी त्याला नेमके काय खटकले ते सांगता आले नाही.

चौथा कागद दिवसाचे वेळापत्रक. सिनेमात याला कॉलशीट म्हणतात. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण, कोठे, काय घेऊन. गहू भिजत घालण्याचा दिवस आधी ठरवा आणि तेथून पुढे मोजा. शिजवण्याच्या दिवशी पहाटे चारला चुलीजवळचे चित्रीकरण, साडेसहाला खाटेजवळ, नऊपर्यंत संपवायचेच. वैशाखात आपल्याकडे नवानंतरचे ऊन चेहऱ्यावर काळी सावली पाडते आणि माणसालाही सोसवत नाही. याच कागदावर कामे वाटून द्यावीत. एकाने फोन धरायचा, एकाने प्रश्न विचारायचे, एकाने वहीत नोंद ठेवायची, आणि एकाने फक्त घर शांत ठेवायचे. हे शेवटचे काम क्षुल्लक समजू नका.

परवानगीही याच कागदावर. आजींना स्पष्ट विचारा, हे कोण पाहणार, घरचेच की बाहेरचेही? जमिनीची वाटणी, भाऊबंदकी, जुनी दुखणी हे विषय बोलता बोलता निघतातच. ते ठेवायचे की गाळायचे, हा निर्णय त्यांचा. अंगणाबाहेर पडून असीरगड किंवा बऱ्हाणपूरचा शाही किल्ला दाखवायचा असेल, तर अशा संरक्षित स्मारकांत रीतसर चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती वेळेवर मिळत नाही. अर्ज आधी करावा.

प्रत्यक्ष त्या दिवशी

कागद तयार झाले की त्या दिवसाची बरीच चिंता मिटते. तरी काही गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहाव्यात.

फोन आडवा धरा आणि एखाद्या तिवईवर टेकवा; तिवई नसेल तर धान्याच्या डब्यावर. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर आजी नेमक्या सासूबद्दल सांगत असताना कोणाचा तरी फोन वाजतो. पंखा, कूलर, टीव्ही, पाण्याची मोटर बंद. चित्र थोडे अंधारे आले तर चालते, आवाज गेला तर काहीच उरत नाही. म्हणून फोन लांब असेल तर दुसरा एक फोन आजींच्या जवळ, पदराआड ठेवून त्यावर नुसता आवाज घ्या. दोन्ही फोन सुरू झाल्यावर एकदा जोरात टाळी वाजवा. संकलनाच्या वेळी टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज जुळवले की दोन्ही एकमेकांवर बसतात. सिनेमातली पाटीची फट्टी याचसाठी आपटतात.

प्रत्येक शॉटच्या आधी मोठ्याने बोला: "दृश्य तीन, शॉट दोन." वहीत तोच आकडा लिहा आणि पुढे 'चांगला', 'हलला', 'पुन्हा' अशी खूण करा. पन्नास-साठ तुकड्यांतून हवा तो शोधताना ही वही तुमचे दोन दिवस वाचवील.

प्रश्न असे विचारा की 'हो' किंवा 'नाही' यात संपणार नाहीत. "तुम्ही लहानपणी कुरडया करत होता का?" याचे उत्तर "हो" एवढेच. "पहिल्यांदा सोऱ्या हातात धरला तेव्हा काय झालं?" याला गोष्टच सांगावी लागते. उत्तर संपले असे वाटले तरी पाच सेकंद गप्प राहा. त्या पाच सेकंदांनंतर येणारे वाक्य पुष्कळदा सगळ्यात चांगले असते. आजी एखाद्या वस्तूला वेगळा शब्द वापरतील तर तो सुधारू नका. उलट विचारा, "याला तुमच्या माहेरी काय म्हणायचे?" आणि ती वस्तू जवळून टिपा. शब्द, वस्तू आणि उच्चार तिन्ही एका जागी सापडणे दुर्मिळ असते.

दहा मिनिटांसाठी साधारण दीड तास टिपले जाईल. फुल एचडीत मिनिटाला शंभर ते दीडशे एमबी धरले तर नऊ ते साडेतेरा जीबी लागतील. तेवढी जागा आदल्या रात्री मोकळी करून ठेवा. त्याच दिवशी सारे दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घ्या आणि तुकड्यांना तारीख व दृश्याचा आकडा द्या. एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असावी. आणि आजींचे बोलणे ऐकून शब्दशः लिहून काढा. फोनची तबकडी उद्या कशी वाचली जाईल, कोण जाणे. कागदावर लिहिलेले पणतूही वाचील.

आखणीने जिवंतपणा जातो का

शेवटी एका आक्षेपाचा विचार करायला हवा. एवढे कागद, याद्या आणि घड्याळ आले की घरगुतीपणा जाईल, आजी अवघडतील, सारे नाटकी होईल, असे अनेकांना वाटते. ही भीती खोटी नाही. संहिता हातात घेऊन आजींना "आता हे म्हणा" असे सांगितले तर तसेच होईल.

पण नीट पाहिले तर उलटा अनुभव येतो. ज्याच्याकडे कागद नसतो तो चित्रीकरणाच्या वेळी सतत विचारात असतो: आता काय घ्यायचे, हे घेतले का, ते राहिले का. त्याचे लक्ष आजींकडे नसतेच. ज्याचा कागद तयार आहे, त्याची ती चिंता आदल्या रात्रीच संपलेली असते. आजी अचानक यादीबाहेरचे काही सांगू लागल्या, की त्याला यादी बाजूला ठेवून ऐकता येते, कारण परत कोठे यायचे हे त्याला माहीत असते. म्हणून वेळापत्रकात मुद्दाम एक मोकळा तास ठेवावा आणि त्यावर काहीच लिहू नये.

आणखी एक. फाळक्यांच्या काळी फिल्म महाग होती, म्हणून माणसे आधी विचार करत. आता फिल्म लागतच नाही. पण आजींची दमछाक, पहाटेचा तो अर्धा तास, बाहेरगावी असलेल्या मुलांचे एकाच वेळी घरी असणे, या गोष्टी तेव्हाच्या फिल्मपेक्षाही महाग आहेत. त्या बाजारात पुन्हा विकत मिळत नाहीत.

तेव्हा येत्या चैत्रात तुमच्या घरी कुरडया, पापड किंवा सांडगे होणार असतील, तर पहिला कागद आजच घ्या आणि ते एक वाक्य लिहा. कुरडया नसतील तर घरातल्या कुलाचाराचे घ्या, आजोबांच्या शेतातल्या पहिल्या विहिरीचे घ्या, आपले घराणे येथे कोठून आणि कसे आले त्याचे घ्या. वाक्य लिहून झाले की ते ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवा, आणि त्या बोलू लागल्या की पहिल्या दिवशी कॅमेरा काढू नका. नुसते ऐका आणि वहीत लिहा.